मित्रदेशाच्या तुकडीला शांतिसेनेसाठी तयार करायचं असेल तर काय शिकवायचं आणि कसं

गेल्या रविवारी भाचा आला होता विक्रोळीला घरी. जेवणं झाल्यावर गॅलरीत बसलो तेव्हा हळूच म्हणाला, मामा, ट्रेनिंग टीममध्ये माझं नाव लागलंय, आफ्रिकेत एका मित्रदेशात जायचंय चार महिने, त्यांची बटालियन यूएनच्या मिशनवर निघालीये तिला तयार करायचंय. मग जरा वेळाने म्हणाला, पण रायफल तर त्यांना येतेच की चालवता, मग मी शिकवायचं काय?

प्रश्न एकदम बरोबर होता. मी पहिल्यांदा अशा टीममध्ये गेलो तेव्हा हा प्रश्न मी कुणाला विचारलाच नाही, सगळ्यांना सरळ रेंजवर नेलं, दहा दिवस नुसती फायरिंग आणि ड्रिल, आणि ते दहा दिवस वाया गेले हे मला नंतर कळलं. तुमच्यापैकी कुणाचं असं पोस्टिंग आलं असेल, किंवा रिटायर झाल्यावर कुठल्या ट्रेनिंगच्या कामाला बोलावलं असेल, तर त्या रात्री भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, थोडं सविस्तर.

सगळ्यात आधी एक चित्र डोक्यात पक्कं बसवा. रात्रीची वेळ, कच्चा रस्ता, एक नाका, नाक्यावर आठ जवान आणि त्यांचा एक कॉर्पोरल, म्हणजे आपल्याकडचा नायक. रेडिओ लागत नाहीये, साहेब चाळीस किलोमीटर लांब, आणि समोरून माणसं येतायत. त्या कॉर्पोरलला दहा सेकंदांत ठरवायचंय की अडवायचं, सोडायचं, ओरडायचं का बंदूक उचलायची. तुमचं सगळं ट्रेनिंग या एका माणसासाठी आहे, कर्नलसाठी नाही आणि परेडसाठी तर नाहीच नाही.

हे काम येतं कुठून

यूएनकडे स्वतःचं सैन्य नाही. सुरक्षा परिषद ठराव करते, मग देश आपापल्या तुकड्या देतात, आणि मिशनवर जायच्या आधी जवानाला तयार करायची जबाबदारी तुकडी देणाऱ्या देशाचीच असते. यूएन अभ्यासक्रम देतं, त्याला सीपीटीएम म्हणतात, तो नेटवर फुकट मिळतो, डाऊनलोड करून ठेवा. पण बऱ्याच देशांकडे ट्रेनर कमी, गाड्या कमी, सामान कमी, म्हणून दुसरे देश मदतीला येतात. अमेरिकेने २००४ मध्ये यासाठी जीपीओआय नावाचा मोठा कार्यक्रम काढला, २०१० पर्यंत जगभरात ७५,००० शांतिसैनिक तयार करायचे असं त्याचं सुरुवातीचं टार्गेट होतं. ब्रिटिशांची टीम नैरोबीत असते, घानात अक्रा इथे यूएनचे माजी महासचिव कोफी अन्नान यांच्या नावाचं सेंटर आहे, बांगलादेशात राजेंद्रपूरला आहे, नेपाळमध्ये पांचखालला आहे. आपल्याकडे दिल्लीत सेंटर फॉर यूएन पीसकीपिंग २००० सालापासून आहे आणि २०१६ मध्ये भारत आणि अमेरिकेने मिळून आफ्रिकन देशांच्या ट्रेनर लोकांसाठी तिथे कोर्स सुरू केला.

आणि मुंबईकरांनो, हे काही फार लांबचं नाही, आपल्या पुण्यात औंधला झालेलं आहे. मार्च २०१६ मध्ये तिथे १८ देशांचा फोर्स एटीन सराव झाला, विषय शांतिसेना आणि सुरुंग काढणं, आणि आपल्या तुकडीचं नेतृत्व केलं होतं सोफिया कुरेशी यांनी, ज्या त्याआधी काँगोत यूएनमध्ये काम करून आल्या होत्या. मग २०१९ मध्ये १७ आफ्रिकन देश आले आणि २०२३ मध्ये पुन्हा आले. भारताचे जवळपास तीन लाख जवान आजवर यूएनच्या कामावर जाऊन आलेत, मराठा लाइट इन्फंट्रीतून वर आलेले जनरल सतीश नंबियार तर १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातल्या यूएन फोर्सचे पहिले कमांडर होते. सांगायचं कारण एवढंच, की अनुभव आपल्याकडे भरपूर आहे, तो दुसऱ्याच्या हातात कसा द्यायचा तेवढं शिकायला लागतं.

निघायच्या आधी

मिशन कुठलं आहे ते विचारा आणि त्या मिशनचा सुरक्षा परिषदेचा ठराव शोधून स्वतः वाचा, दहा-पंधरा पानंच असतात. त्यात मँडेट असतं, म्हणजे ही तुकडी तिथे कशासाठी जातेय. गोलानमध्ये इस्रायल आणि सीरियाच्या सैन्यांच्या मधली रेघ सांभाळणं वेगळं आणि काँगोत किंवा दक्षिण सुदानमध्ये लोकांना वाचवणं वेगळं, दोन्हीसाठी एकच लेसन प्लॅन घेऊन गेलात तर फसाल. इन्फंट्री आहे का इंजिनियर आहेत का हॉस्पिटल आहे तेही आधी विचारा. व्हिएतनामने २०१८ मध्ये दक्षिण सुदानात बेंटियूला फील्ड हॉस्पिटल पाठवलं, आता अशा तुकडीला नाका शिकवायचा पण तो किती आणि कसा हे बटालियनपेक्षा वेगळंच असणार ना.

स्वतःचं बघा. यलो फिव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी नाहीतर विमानतळावर अडवतात, एकदा घेतली की सर्टिफिकेट आता जन्मभर चालतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून वेळेत सुरू करा. आणि मच्छरदाणी मुंबईहूनच न्या, तिकडे मिळेल म्हणून बसू नका.

पहिले दोन-तीन दिवस तोंड बंद

गेल्या गेल्या लेक्चर सुरू करायचं नाही. त्यांच्या सार्जंट लोकांबरोबर बसा, त्यांच्या हातचा चहा प्या, त्यांचं जेवण जेवा, नाक मुरडू नका. त्यांच्यातले कितीतरी जण आपल्यापेक्षा जास्त लढाई बघून आलेले असतात, काहींनी स्वतःच्याच देशात युद्ध बघितलेलं असतं, घरातली माणसं गमावलेली असतात. त्यांना उस्तादगिरी दाखवायला गेलात की समोर मान डोलावतील आणि मनातून दार बंद करतील. त्यांना सांगा, तुमचा नाका तुम्ही कसा लावता तो मला करून दाखवा. बघा, लिहून घ्या, आणि त्यातलं चांगलं असेल ते तसंच ठेवा. मी बघितलेल्या एका तुकडीची गाडी तपासायची पद्धत आपल्यापेक्षा सरस होती, ड्रायव्हरला स्वतःच डिकी आणि बॉनेट उघडायला लावायचे आणि आपला माणूस लांब उभा, मी ती नंतर इकडे येऊन शिकवली.

भाषा हा सगळ्यात मोठा विषय आहे आणि याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात, म्हणून जरा थांबून सांगतो. दुभाषा मिळाला की आपल्याला वाटतं काम झालं. तसं नसतं. माझ्या बाबतीत झालेली गोष्ट सांगतो. मी दोन दिवस शिकवलं की शांतिसैनिक निःपक्षपाती असतो, कुणाची बाजू घेत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी मैदानात सराव ठेवला, नाक्याच्या पन्नास पावलांवर दोन माणसं एका बाईची पिशवी हिसकावून तिला ढकलतायत असं नाटक. जवान शांत उभे. बाई ओरडतेय, हे उभे. मी सराव थांबवला आणि कॉर्पोरलला विचारलं का नाही गेलास, तर तो अगदी मनापासून म्हणाला, तुम्हीच सांगितलं ना कुणाच्या मध्ये पडायचं नाही. दुभाष्याने निःपक्षपातीचं भाषांतर केलं होतं मध्ये न पडणारा. चूक त्याची नव्हती, मी तो शब्द नुसता फेकला होता, समजावला नव्हता.

त्या दिवसापासून मी हे अंपायरवरून शिकवतो. शिवाजी पार्कला मॅच चालू असते तेव्हा अंपायर कुठल्याच टीमचा नसतो, पण म्हणून तो बाद असलेल्याला बाद द्यायचं सोडत नाही, आणि कुणी बॅट घेऊन अंगावर धावून गेलं तर मध्ये पडतो. त्या देशात क्रिकेट नव्हतं, मग फुटबॉलचा रेफ्री घेतला, शिट्टी आणि कार्ड घेऊनच उभा राहिलो, एका मिनिटात सगळ्यांना कळलं. तुमच्या पोरांना जो खेळ माहीत असेल तो घ्या. यूएनची तीन तत्त्वं आहेत, संमती, निःपक्षपातीपणा आणि स्वसंरक्षण किंवा मँडेटच्या रक्षणाशिवाय बळ न वापरणं, ही तिन्ही अशीच गोष्टीतून शिकवा, व्याख्या पाठ करून घेऊन उपयोग नाही. संमतीसाठी मालीचं उदाहरण चांगलं आहे, तिथल्या सरकारने जून २०२३ मध्ये सांगितलं निघा, आणि डिसेंबरअखेर दहा वर्षांचं मिशन बंद झालं. यजमान देशाची मर्जी म्हणजे काय ते जवानाला यातून बरोबर समजतं.

दुभाष्याला दुसऱ्या दिवशीचा धडा आदल्या रात्री द्या, अवघड शब्द त्याच्याबरोबर बसून ठरवा आणि तो तुमच्या भाषेत उलटा सांग म्हणा. बोलताना एक वाक्य, मग थांबा. विनोद टाळा, दुसऱ्या भाषेत गेले की वेगळेच होतात. आणि ही तुकडी जिथे जाणार तिथल्या भाषेतले वीस शब्द पहिल्या आठवड्यातच पाठ करून घ्या. पूर्व काँगोत जाणार असतील तर सिमामा म्हणजे थांब, पोले पोले म्हणजे हळूहळू, असांते म्हणजे धन्यवाद. नाक्यावर नुसतं सिमामा नीट आवाजात म्हणता आलं तरी अर्ध्या वेळा बंदूक उचलावी लागत नाही.

आता नाका

याला तुमच्या एकूण दिवसांतले निम्मे दिवस द्या. सामान फार लागत नाही, दोन रिकामे ड्रम, एक बांबू, वाळूच्या थोड्या गोणी, दोरखंड, एक जुनी गाडी, एक मोटरसायकल, रेडिओ, शिट्टी. एक जवान पुढे पन्नास मीटरवर गाडी हळू करायला, दोन जण तपासणीला, दोन आडोशाला कव्हर देत, एक रेडिओवर, आणि कॉर्पोरल जिथून सगळं दिसेल तिथे. आधी सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत छोटा नाका मांडून दाखवा, मग चालत करा, मग पूर्ण वेगात.

मग कार्डं बनवा. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, एका कार्डावर एक प्रसंग, पाच-सहा ओळी. मी आठ कार्डं वापरायचो. एकात दारू प्यायलेले स्थानिक सैनिक गाडीतून येतात आणि तपासणी करू देत नाहीत. एकात गावातल्या बायका शंभर-दीडशेच्या घोळक्याने येऊन रस्त्यात बसतात कारण त्यांच्या पाण्याचा टँकर आला नाही. एकात बारा-तेरा वर्षांचा पोरगा खांद्यावर एके-४७ घेऊन एकटा चालत येतो. एकात एक माणूस पैसे देऊ करतो. एकात पळून आलेली माणसं नाक्यामागे आसरा मागतायत आणि त्यांचा पाठलाग करणारे दोनशे मीटरवर दिसतायत. प्रत्येक सेक्शनने, म्हणजे कॉर्पोरल आणि त्याच्या जवानांनी, एकच कार्ड किमान तीनदा करायचं, पण दर वेळी काहीतरी बदलायचं, दुसऱ्या वेळी रेडिओ बंद, तिसऱ्या वेळी अंधार किंवा सेक्शनमधला एक जवान जखमी.

सरावात स्थानिक सैनिकांची, गावकऱ्यांची, बंडखोरांची कामं त्यांच्याच माणसांना द्या, आणि बायकांचं काम बायकांनाच द्या, जवानाने डोक्याला फडकं बांधून केलं की सगळे हसतात आणि धडा तिथेच संपतो. गर्दीच्या कार्डासाठी मी त्यांना आपल्या गिरगाव चौपाटीच्या विसर्जनाचे व्हिडिओ दाखवले होते, लाखो माणसं, आणि दोरखंड धरून उभे असलेले कार्यकर्ते आणि पोलीस, शिट्टी, हात आणि सतत बोलणं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं की एवढी गर्दी बंदूक न दाखवता पुढे सरकते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सार्जंटने स्वतःहून स्टोअरमधून जाड दोरखंड मागवला.

एक कार्ड मी कधीच विसरणार नाही. रात्रीची संचारबंदी, मोटरसायकलवर नवरा-बायको, बायकोला कळा सुरू झाल्यात, हॉस्पिटल नाक्याच्या पलीकडे. कॉर्पोरल चांगला होता, पंचविशीतला, शिस्तीचा. पहिल्या वेळी त्याने हात आडवा केला आणि रेडिओवर साहेबांना विचारायला लागला, मी आधीच रेडिओची बॅटरी काढली होती. चार मिनिटं तो हॅलो हॅलो करत राहिला, मोटरसायकल तशीच उभी. मी काही बोललो नाही. त्याच्याच सार्जंटने तीन प्रश्न विचारले, काय दिसलं, काय ठरवलं, का ठरवलं. पोराने उत्तरं दिली आणि तिसऱ्या प्रश्नाला अडकला. दुसऱ्या वेळी घाईत तपासणीच न करता सोडलं, मग सार्जंटने विचारलं की पिशवीत काय होतं, त्याला माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने नवऱ्याला उतरवून पंधरा सेकंदांत झडती घेतली, पिशवी बाईलाच उघडायला सांगितली, गाडीचा नंबर लिहिला, बांबू वर केला आणि एका जवानाला टॉर्च घेऊन पुढच्या वळणापर्यंत बरोबर धाडलं. साहेबांना नंतर कळवेन म्हणाला. मला तेवढंच हवं होतं.

सरावानंतरचं बोलणं त्यांच्या सार्जंटनेच घ्यायचं, तुम्ही मागे बसायचं, आणि त्यांच्या ऑफिसरला आधीच प्रेमाने सांगून ठेवायचं की साहेब, पहिली दहा मिनिटं आपण दोघं गप्प. बऱ्याच सैन्यांत ऑफिसर बोलला की कॉर्पोरल तोंड उघडत नाही, आणि मिशनवर तोच कॉर्पोरल एकटा असणार असतो.

गोळी कधी चालवायची हे प्रत्येक मिशनचे नियम सांगतात, त्याला आरओई म्हणतात, आणि ते मिशनप्रमाणे वेगळे असतात म्हणून तुमच्या आठवणीतून शिकवू नका, त्या मिशनचे मागवून घ्या आणि जवानाच्या भाषेत खिशात मावेल असं कार्ड करून द्या. जवानांना दोन्ही बाजूंची भीती असते, जास्त केलं तर कोर्टमार्शल आणि कमी केलं तर माणसं मरतील. दुसरी भीती त्यांना नीट दाखवा. रवांडा १९९४, बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा १९९५, यूएनचे सैनिक तिथे असतानाही हजारो माणसं मारली गेली, या गोष्टी सांगा. त्यानंतरच १९९९ मध्ये सिएरा लिओनच्या मिशनला पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत लिहून दिलं गेलं की नागरिकांना वाचवणं हे तुमचं काम आहे. आणि तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये दक्षिण सुदानात मलाकालच्या छावणीवर हल्ला झाला, आत हजारो लोक यूएनच्या भरवशावर राहत होते, आणि नंतरच्या चौकशीत निघालं की आरओईबद्दल गोंधळ होता, एका तुकडीने तर गोळी चालवायला लेखी परवानगी मागितली. माणसं मेली तोपर्यंत. हे मी वर्गात सांगतो तेव्हा कुणी पेन हलवत नाही.

उलट उदाहरणही द्या. डिसेंबर २०१३, तोच देश, अकोबोचा छोटा तळ, आत आसऱ्याला आलेले नागरिक, दोन हजारांच्या आसपास सशस्त्र तरुण चालून आले आणि आपले दोन भारतीय जवान तिथे शहीद झाले. हे सांगताना माझा आवाज बदलतो, बदलू दे, जवानांना कळतं की समोरचा पुस्तकातून बोलत नाहीये.

गस्त, ताफा आणि जखमी

गस्तीबद्दल थोडक्यात. एप्रिल २०१३ मध्ये दक्षिण सुदानातल्या जोंगलेईत ताफ्याला एस्कॉर्ट करताना आपले पाच जवान घातपाती हल्ल्यात गेले. ताफा म्हणजे नुसतं गाडीत बसून जाणं नाही हे मनावर ठसवा, रोज तोच रस्ता आणि तीच वेळ नको, पुढची गाडी थांबली तर मागच्यांनी काय करायचं ते डोळे मिटून करता आलं पाहिजे. ब्राझीलचे जनरल सांतोस क्रूझ, ज्यांनी काँगोत फोर्स कमांड केली होती, त्यांनी २०१७ च्या रिपोर्टमध्ये यूएनला स्पष्टच सुनावलं होतं की निळी टोपी आणि झेंडा आता आपोआप वाचवत नाहीत. त्यांचा रिपोर्ट इंग्रजीत सोपा आहे, वाचा.

फर्स्ट एड मात्र थोडक्यात उरकू नका. यूएनचा हिशोब दहा-एक-दोन असा आहे, दहा मिनिटांत रक्त थांबवून पहिला उपचार, एक तासात पुढची मोठी वैद्यकीय मदत, दोन तासांत ऑपरेशन टेबल. पहिली दहा मिनिटं डॉक्टरची नसतात, शेजारच्या जवानाची असतात. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला करकचून बांधायचा पट्टा, प्रत्येकाने स्वतःच्या पायावर बांधायचा, मग जोडीदाराच्या हातावर, मग अंधारात, मग हात ओले करून. आम्ही बादलीत साबणाचं पाणी ठेवायचो कारण रक्ताने हात असेच निसरडे होतात. पहिल्या दिवशी तीन-तीन मिनिटं लागत होती, दोन आठवड्यांनी बहुतेक सगळे एका मिनिटाच्या आत आले. टूर्निके बांधला ती वेळ जखमीच्या कपाळावर किंवा पट्टीवर लिहायची ही सवय लावा, पुढचा डॉक्टर तेच पहिलं बघतो.

संडास, पाणी आणि वागणूक

लोकांना हा विषय हलका वाटतो. हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा पसरला, त्या देशात अनेक दशकं कॉलरा नव्हता, आणि शांतिसैनिकांच्या तळावरचं सांडपाणी नदीत गेल्याने तो आला असं तपासात निघालं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. डिसेंबर २०१६ मध्ये यूएनच्या महासचिवांना माफी मागावी लागली. मदतीला गेलेल्या तळाच्या एका खड्ड्यामुळे. म्हणून संडासाचा खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून किती लांब, पाणी कुठल्या बाजूला उतरतं, क्लोरीन किती टाकायचं, टँकर कुठे ओततो, हे कंपनी कमांडरपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना मैदानात चालत नेऊन दाखवा. आपण मुंबईकर, पावसाळ्यात गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की घरोघरी काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

वागणुकीबद्दल एकदम स्पष्ट बोलायचं, आडपडदा नको. २००३ पासून यूएनचा लेखी नियम आहे, अन्न, पैसा, काम किंवा मदत यांच्या बदल्यात शरीरसंबंधाला सक्त मनाई, आणि १८ वर्षांखालच्या मुलामुलीशी कुठल्याही कारणाने नाही, तिने वय जास्त सांगितलं तरी नाही. २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेने ठरावच केला की अशा तक्रारी वारंवार येत असतील तर आख्खी तुकडी घरी पाठवता येईल, आणि त्यानंतर तशी तुकडी घरी गेलेली आहे. दुभाष्याला इथे एकही शब्द मऊ करू देऊ नका. आणि तक्रार कुणाकडे करायची, करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून काय, हे त्यांच्या ऑफिसरच्या तोंडून वदवून घ्या, तुमच्या तोंडून नको.

तुकडीत बायका असतील तर त्यांना कुठे उभं केलंय ते बघा. बऱ्याचदा ऑफिसात किंवा स्वयंपाकघरात असतात. त्यांना नाक्यावर आणा, गस्तीत घ्या. २००७ मध्ये भारताने लायबेरियात फक्त महिलांचं पोलीस युनिट पाठवलं, यूएनच्या इतिहासातलं पहिलं, आणि काँगोत काम केलेल्या मेजर राधिका सेन यांना यूएनचा २०२३ चा पुरस्कार मिळाला. गावातली बाई आपली खरी गोष्ट बाईलाच सांगते, ते तुमचा सगळ्यात हुशार हवालदारही काढून घेऊ शकत नाही.

कागद आणि सामान

यूएन आणि त्यांचं सरकार यांच्यात करार होतो, कुठल्या गाड्या, किती जनरेटर, सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि यूएनची माणसं पोचल्यावर, मग दर तीन महिन्यांनी आणि शेवटी निघताना तपासतात. गाडी चालू नसेल तर तिचे पैसे कापतात. म्हणून त्यांच्या स्टोअरवाल्याला आणि मेकॅनिकला तुमच्या वेळापत्रकात दोन दिवस तरी द्या. जवानामागे यूएन सरकारला दर महिन्याला ठरावीक रक्कम देतं, २०१८ मध्ये ती १,४२८ डॉलर ठरली होती, त्यातलं जवानाच्या हातात किती पडतं ते त्यांचं सरकार ठरवतं. जवान तुम्हाला हे विचारतील. काहीही कबूल करू नका, त्यांच्या पे-ऑफिसरला वर्गात बोलवा आणि त्यालाच सांगू द्या.

त्यांचं राजकारण, त्यांच्या जमाती, त्यांचा धर्म, यावर मत देऊ नका. कुणी विचारलं तरी हसून विषय बदला.

शेवटचे दोन आठवडे

इथे बहुतेक टीम चुकतात, शेवटपर्यंत स्वतःच शिकवत राहतात, आणि टीम विमानात बसली की शिक्षणही विमानात बसतं. पहिल्या आठवड्यातच त्यांच्यातले सहा-सात चांगले सार्जंट हेरून ठेवा. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना अर्धा धडा द्या, सहाव्यापासून पूर्ण, आणि शेवटचे दोन आठवडे तुम्ही मैदानाच्या कडेला. कार्डं त्यांच्या भाषेत त्यांच्याच हातून लिहून घ्या, तुमची टाइप केलेली देऊ नका, स्वतःच्या अक्षरातलं कार्ड माणूस जपून ठेवतो. नवीन कार्डं त्यांना बनवायला सांगा, त्यांच्या बटालियनचे जे लोक आधी मिशनवर जाऊन आलेत त्यांच्याकडून खरे प्रसंग घेऊन.

भाच्याने निघताना माझी जुनी आठ कार्डं मागितली. मी दिली नाहीत, म्हटलं वाच, फोटोही काढू नकोस, तिकडे गेल्यावर त्यांच्या सार्जंटबरोबर बसून नवीन लिही. दोरखंड मात्र दिला, तीस मीटरचा, आणि एक शिट्टी. म्हटलं शेवटच्या दिवशी ही शिट्टी त्यांच्या सार्जंटच्या गळ्यात घाल आणि तू खुर्ची घेऊन लांब झाडाखाली बस. दहाच्या लोकलने तो कल्याणला गेला, तिथून त्याची रात्रीची गाडी होती.